नगरचीं घरें, दारें आणि दंतकथा

अहिल्यानगर शहरांतून पूर्वेस पाथर्डीच्या वाटेनें निघालें, कीं कांहीं मैलांवर एका डोंगराच्या माथ्यावर काळ्या दगडाची अष्टकोनी, तीन मजली वास्तु दिसूं लागते. तिच्या सर्व बाजूंस कमानी आहेत, वर घुमट आहे आणि भोंवतीं आभाळावांचून दुसरें कांहीं नाहीं. शेतांत खुरपणी करणारी बाई, एस. टी.च्या खिडकीशीं बसलेला उतारू, डोंगराखालीं गुरें राखणारा मुलगा, या सर्वांच्या ती रोजच्या नजरेंतली आहे. ही वास्तु कोणती, असें यांपैकीं कोणासही विचारावें. उत्तर एकच येतें: चांदबिबीचा महाल. वास्तविक तो महाल नाहीं, आणि चांदबिबीचा तर मुळींच नाहीं.

ती एक कबर आहे. मूर्तजा निझामशहा (कारकीर्द १५६५ ते १५८८) याचा वजीर सलाबतखान याची. तळघरांत थडगीं आहेत. वरचा सारा डोलारा त्या थडग्यांसाठीं. सलाबतखान हा कांहीं सामान्य पुरुष नव्हे. राजा विक्षिप्त होऊन एकांतांत जाऊन बसला, तेव्हां राज्याचा गाडा कित्येक वर्षें या माणसानें ओढला. शहराजवळच्या फराहबागेचें रेंगाळलेलें बांधकाम १५८३ मध्यें त्याच्याच हातून तडीस गेलें. आपल्यामागें आपलें नांव राहावें म्हणूनच कीं काय, त्यानें चोहोंकडून दिसेल असा डोंगर निवडला. डोंगर निवडण्यांत त्याची चूक झाली नाहीं. इमारत आजही उभी आहे, दिसतेही आहे. नांव तेवढें दुसऱ्याचें झालें.

हें दुसरें नांवही साधेंसुधें नाहीं. चांदबिबी ही हुसेन निझामशहाची कन्या आणि विजापूरच्या अली आदिलशहाची पत्नी. १५८० मध्यें नवरा मारला गेल्यावर तिनें विजापुरास अल्पवयी राजाचें पालकत्व सांभाळलें, आणि पुढें ती माहेरीं परतली. १५९५ च्या अखेरीस अकबराचा मुलगा शाहजादा मुराद याच्या सैन्यानें नगरच्या किल्ल्याला वेढा घातला. मोंगलांनीं तटाखालीं सुरुंग खणले. त्यांतले कांहीं आंतल्यांनीं शोधून निकामी केले, पण एक उडाला आणि तटाला मोठें खिंडार पडलें. त्या खिंडारापाशीं ती स्वतः शस्त्र घेऊन उभी राहिली, आणि रात्रींतून तें बुजवून घेतलें, असें इतिहासकार सांगतात. दारूगोळा संपला तेव्हां तिनें तोफांतून तांब्याचीं, मग रुप्याचीं, मग सोन्याचीं नाणीं डागलीं, असें लोक सांगतात. पुढें १६०० मध्यें दुसरा वेढा पडला असतां, ती शत्रूशीं संधान बांधते आहे या संशयावरून तिच्याच माणसांनीं तिला ठार मारलें.

आतां अडचण अशी, कीं हा सारा पराक्रम जेथें घडला तो किल्ला सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढें नाहीं. तो भुईकोट आहे. सपाट मैदानावर, खंदकाच्या वेढ्यांत दडून बसल्यासारखा. १८०३ च्या ऑगस्टांत वेल्स्लीनें तो शिंद्यांच्या सैन्याकडून घेतला. पुढें तो इंग्रजांच्या छावणीचा, आणि स्वातंत्र्यानंतर भारतीय लष्कराचा झाला. १९४२ ते १९४५ या काळांत काँग्रेसच्या कार्यकारिणीचे पुढारी तेथें बंदिवान होते, आणि पंडित नेहरूंनीं 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा ग्रंथ तेथेंच लिहिला. त्या दिवसांत तर तटाजवळ फिरकणेंही कठीण. म्हणजे पिढ्यान् पिढ्या नगरकरांना आपल्या शूर शाहजादीची गोष्ट ठाऊक आहे, पण तिची जागा त्यांच्या येण्याजाण्यांतली नाहीं. उलट डोंगरावर एक भव्य जागा रोज दिसते, पण तिची गोष्ट कोणास ठाऊक नाहीं. बिनजागेची गोष्ट आणि बिनगोष्टीची जागा यांची गांठ पडावयास असा किती वेळ लागणार?

इतिहासाचा शिक्षक हें नांव खोडून काढूं पाहतो, आणि त्याचें म्हणणें खरेंच आहे. सलाबतखानावर हा अन्याय होय. तथापि एवढें मान्य केलें पाहिजे, कीं वजिराची कबर पाहावयास त्या डोंगरावर फारसें कोणी चढलें नसतें. महाल पाहावयास लोक जातात. श्रावणांत डोंगर हिरवा झाला, कीं कुटुंबेंच्या कुटुंबें डबे बांधून वर जातात, मुलें कमानींतून धावतात, म्हातारीं माणसें गार दगडावर पाठ टेकतात, आणि कोणीतरी हमखास सांगतो कीं येथून चांदबिबी किल्ल्यावर नजर ठेवी. सलाबतखानाला इतकी सोबत कोणत्याही बखरीनें मिळवून दिली नसती.

नांवांचा हा खेळ शहराच्याच नांवापर्यंत पोंचतो. अहमद निझामशहानें १४९० मध्यें भिंगारजवळ बहमनी सैन्याचा पराभव केला आणि १४९४ मध्यें त्याच परिसरांत, सीना नदीच्या कांठीं, शहराचा पाया घातला; त्याच्यावरून अहमदनगर. २०२४ मध्यें शासनानें शहराचें व जिल्ह्याचें नांव अहिल्यानगर केलें, कारण जामखेड तालुक्यांतलें चौंडी हें अहिल्याबाई होळकरांचें जन्मगांव; त्यांचा जन्म १७२५ चा. एकानें शहर वसविलें. दुसरीनें काशीविश्वेश्वराच्या देवळासह हिंदुस्थानभर घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधविल्या. बांधकामाच्या बाबतींत दोघेंही हात राखून वागणारीं नव्हतीं. एस. टी.चा वाहक मात्र पूर्वींही 'नगर, नगर' असें ओरडत असे, आणि आजही तेंच ओरडतो.

किल्ल्यापासून जवळच दमडी मशीद आहे. ती लहान आहे, पण दगडावरचें कोरीव काम असें नाजूक, कीं हा दगड आहे कीं लांकूड असा क्षणभर भ्रम व्हावा. १५६७ च्या सुमारास साहिरखान नांवाच्या सरदारानें ती बांधविली, असें पुस्तकांत आढळतें. लोक असें सांगत नाहींत. लोक सांगतात, कीं किल्ल्याचें दगडी काम चाललें होतें, हजारों मजूर खपत होते, आणि त्या मजुरांनीं आपल्या मजुरींतली एकेक दमडी बाजूस टाकून ही मशीद उभी केली. दमडी म्हणजे पैशाचाही क्षुल्लक अंश. 'चमडी जाईल पण दमडी जाणार नाहीं' या म्हणींत ती अद्याप जिवंत आहे, नाहीं तर तिला कोण ओळखणार? या दोन हकीगतींपैकीं खरी कोणती, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. पैसा सरदाराचा असेलही. परंतु छिन्नी कोणाच्या हातीं होती, हें लोकांच्या गोष्टीनें लक्षांत ठेविलें आहे. निझामशाहींतल्या एकाही पाथरवटाचें नांव कोणा नगरकराच्या ओठांवर नाहीं. त्यांची आठवण जर कोठें उरली असेल, तर ती एका मशिदीच्या नांवांतल्या या तीन अक्षरांत.

बागरोजा या अहमद निझामशहाच्या समाधिस्थानीं एका हत्तीचेंही थडगें दाखवितात. त्याचें नांव गुलाम अली. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईंत त्यानें विजयनगरच्या रामरायास सोंडेनें उचललें, अशी आख्यायिका आहे. राजाच्या शेजारीं हत्ती, ही गोष्ट मुलांना राजापेक्षां अधिक आठवते, हें सांगावयास नकोच. फराहबागेची दंतकथा तर याहून धीट. ही वास्तुही अष्टकोनी, मध्यें उंच घुमटाची, पूर्वीं विस्तीर्ण तलावाच्या मधोमध उभी असलेली. भिंती दगडचुन्याच्या व वर जाड गिलाव्याच्या. शाहजहानानें ती पाहिली आणि तिच्यावरून त्याला ताजमहाल सुचला, असें वाटाडे छातीठोकपणें सांगतात. याला आधार नाहीं. ताजमहालाची वंशावळ दिल्लीच्या हुमायूनच्या कबरीकडे जाते, आणि मधल्या दालनाभोंवतीं आठ दालनें हा आराखडा इराणपासून दख्खनपर्यंत सर्वत्र परिचित होता. पण तलाव आटून गेलेल्या, गिलावा सुटलेल्या त्या इमारतीशीं उभ्या असलेल्या नगरकराला आग्र्याचा आधार घ्यावासा वाटला, यांत थोडें दुःखही आहे. आपल्या गांवच्या वास्तूला तिच्या स्वतःच्या रूपावर कोणी पाहुणा येईल, हा भरंवसा उडाल्याचें तें लक्षण.

असो. महाल, मशिदी, कबरी हा वास्तुकलेचा दिवाणखाना झाला. तिचें स्वयंपाकघर पाहावयाचें तर खेड्यांत गेलें पाहिजे.

जिल्ह्याच्या पश्चिम टोकास, अकोले तालुक्यांत, सह्याद्रीच्या धारेवर घाटघर हें गांव आहे. तेथें वर्षास दोनशें इंचांच्या घरांत पाऊस कोसळतो. तेथून शंभर मैलांच्या आंत नगर-पाथर्डीकडे आलें, कीं तोच पाऊस वीस-बावीस इंचांवर येतो, आणि कित्येक वर्षीं तेवढाही येत नाहीं. जिल्हा एकच, पण घरें दोन जातींचीं. घाटाकडचें घर उतरत्या छपराचें: पाणी अंगावर थांबूं नये एवढीच त्याची काळजी. पूर्वेकडचें घर सपाट छताचें: त्याला पावसाची भीति कमी, उन्हाची फार. या सपाट छताला माळवद किंवा धाबें म्हणतात. लांकडी खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर किलचांची दाट पसरण, तिच्यावर पालापाचोळा, आणि त्यावर वीतभर किंवा अधिक जाडीची माती. भिंती दगडमातीच्या, कोठें कोठें हात-दोन हात रुंदीच्या. बाहेर मे महिन्याचें ऊन तडकत असावें आणि आंत पाऊल टाकतांच रांजणाजवळ गेल्यासारखें वाटावें, ही किमया या मातीची आहे. घराची मोजणी फुटांत नसे. ती खणांत असे. दोन खांबांमधलें अंतर तो खण, आणि 'पांच खणांचें घर' म्हटलें कीं सोयरीक जुळविणाऱ्याला घराची ऐपत कळत असे.

माळवदावर घालावयाची माती वाटेल ती चालत नाहीं. काळी माती पाण्यानें फुगते आणि उन्हानें भेगाळते. त्यासाठीं पांढरी माती लागते, आणि ती मिळते जुन्या वस्तीच्या टेकाडांत. पिढ्यान् पिढ्या चुलींची राख, शेण, पडलेल्या भिंतींचा चुरा जेथें मुरला, तेथली माती पांढुरकी व चिकट होते. ती नीट चोपून बसविली, कीं पाणी आंत उतरत नाहीं. मराठींत शेताला 'काळी' आणि गांवठाणाला 'पांढरी' म्हणतात, तें याच रंगावरून. खेड्यांतल्या माणसानें सोयीसाठीं हीं टेकाडें खणलीं आणि गाढवांवर माती लादून घरीं आणली. प्रवरेच्या कांठीं जोर्वें, नेवासें, दायमाबाद येथें १९५० नंतर संशोधकांनीं शास्त्रशुद्ध उत्खनन केलें, तेव्हां अशाच पांढरींतून तीन हजार वर्षांपूर्वींचीं घरें बाहेर आलीं: मातीच्या भिंती, चोपलेली जमीन, खांबांचे खळगे, चुली, लाल भांड्यांवर काळी नक्षी. म्हणजे अशा टेकाडाजवळच्या एखाद्या शेतकऱ्याच्या डोक्यावरचें माळवद हें कोणा ताम्रपाषाणयुगीन गृहस्थाच्या घराचा चुरा असण्याचा पुष्कळ संभव आहे. पुराणवस्तुसंशोधकाला यांत हानि दिसते आणि ती खरी आहे. पण घरांतून घर करण्याची ही रीत संशोधकाच्या जन्मापूर्वींची आहे, हेंही विसरतां येत नाहीं.

या छतावरचा संसार खालच्या संसाराहून कमी नव्हे. उन्हाळ्यांत तेथें कुरडया, पापड, सांडगे, मिरच्या वाळतात; रात्रीं सारें घर अंथरुणें घेऊन वर येतें; लग्नाची वरात, यात्रेंतली कुस्ती, तमाशाचा फड हें बायकांमुलांनीं धाब्यावरूनच पाहावयाचें. शेजारच्या दोन धाब्यांमधून निरोप जातात, भांडणें होतात, आणि क्वचित् सोयरिकीही जुळतात. भाषेनें यांतलें बरेंच उचललें आहे. नियम 'धाब्यावर बसविणें' हा प्रयोग या छताचाच दिसतो. ज्याला घरांत घ्यावयाचें नाहीं त्याला वर नेऊन बसवावें. 'उंबरठे झिजविणें', 'घर फिरलें कीं घराचे वासेही फिरतात', 'भिंतीलाही कान असतात' हें बोलणारा मनुष्य आपण वास्तुकलेविषयीं बोलतों आहोंत, असें समजत नाहीं. पण तो तेंच करीत असतो.

पाटलाचा किंवा सावकाराचा वाडा या घराचाच मोठा भाऊ. मध्यें चौक, चौकाभोंवतीं सोपे, भिंतींत धान्याचें बळद, जमिनींत पेंव. मात्र बाहेरच्या अंगास खिडकी म्हणून नाहीं. पेंढाऱ्यांचा आणि दरोडेखोरांचा धसका त्या आंधळ्या भिंतींत अजून दिसतो. आंत शिरावयास एकच मोठा दरवाजा. त्याच्या एका फळींत वांकून जावें लागेल एवढा दिंडी दरवाजा. आंतून भिंतीच्या खोबणींत सरकणारा जाड अडसर. आणि लगेच ढाळज, जेथें आल्यागेल्याची चौकशी व्हावयाची. दार म्हणजे काय, हें या प्रदेशाला कोणी शिकवावयास नको.

आणि याच प्रदेशांत, नेवासें तालुक्यांत, दारें नसलेलें गांव आहे. शनिशिंगणापूरच्या घरांना चौकटी आहेत, पण चौकटींना फळ्या नाहींत. आडोशाला पडदा, कुत्रें शिरूं नये म्हणून रात्रीं फार तर एखादी फळी टेकवून ठेवावयाची, पण कडी नाहीं, कुलूप नाहीं. गांवचें रक्षण शनिदेव करतो, चोरी करणाऱ्यास तोच शासन करील, अशी श्रद्धा. देवाचें स्थानही तसेंच: उघड्या चौथऱ्यावर उभी असलेली काळी शिळा, तिला ना भिंत ना छप्पर. पुरांत वाहत आलेल्या या शिळेस गुराख्याची काठी लागतांच रक्त आलें, आणि देवानें दृष्टांतांत सांगितलें कीं आभाळ हेंच माझें छप्पर, अशी कथा आहे. ज्या देवाला स्वतःला छप्पर नको, त्याच्या गांवाला दार कशाला, असा हा सरळ हिशोब दिसतो.

येथें वास्तुकला आणि लोकसमजूत यांत कोण पुढें आणि कोण मागें हें सांगणें अवघड होतें. दार नसलें कीं घरांत सोनेंनाणें उघड्यावर ठेवतां येत नाहीं, शेजाऱ्यावर भरंवसा टाकावाच लागतो, घर अगदींच रिकामें टाकून जाण्याची सोय उरत नाहीं. श्रद्धेनें दार काढलें, आणि नसलेल्या दारानें उलट श्रद्धा राखली. कॅसेटींतून, चित्रपटांतून आणि पुढें दूरचित्रवाणीवरून शनिमाहात्म्य घरोघर गेलें, शनिवारीं व शनि-अमावास्येस लाखोंची गर्दी होऊं लागली, तेव्हां या हिशोबाची परीक्षा सुरू झाली. जानेवारी २०११ मध्यें युको बँकेनें तेथें कुलुपाविना शाखा उघडली. दार आहे, पण कांचेचें, आरपार दिसणारें. चोरीच्या तक्रारीही मधून मधून झाल्या. २०१५ मध्यें गांवाला पोलीस ठाणें मिळालें. नव्या इमारती बांधणाऱ्यांपुढें आज प्रश्न आहे तो हाच, कीं देवाचा मान राखावा कीं पाहुण्याची पेटी.

परंतु दारें नसलेल्या या गांवांत एक उंबरठा होता, आणि तो फार उंच होता. शिळेच्या चौथऱ्यावर स्त्रियांनीं चढूं नये, अशी रूढि होती. लांकडाची फळी नाहीं, लोखंडाची कडी नाहीं, केवळ कांहीं पायऱ्या. पण निम्म्या मानवजातीला त्या बंद. नोव्हेंबर २०१५ मध्यें एका स्त्रीनें चौथऱ्यावर जाऊन दर्शन घेतलें. गांवांत शुद्धीकरण करण्यांत आलें आणि राज्यभर वाद पेटला. देवळांत प्रवेश हा स्त्रियांचा मूलभूत हक्क आहे, असें मुंबई उच्च न्यायालयानें सांगितल्यावर ८ एप्रिल २०१६ रोजीं, गुढीपाडव्याच्या दिवशीं, देवस्थानानें चौथरा सर्वांना खुला केला. भिंत न बांधतांही मनुष्य किती पक्का अडथळा उभारूं शकतो, याचें याहून चांगलें उदाहरण वास्तुशास्त्राच्या ग्रंथांत शोधून सांपडणार नाहीं.

शिर्डीची हकीगत उलट्या वाटेनें जाते. तेथें साईबाबा एका पडक्या मशिदींत राहत, तिला ते द्वारकामाई म्हणत. म्हणजे एका मोडक्या भिंतीला दोन धर्मांचीं नांवें त्यांनीं सहज लावून दिलीं. दर्शनास येणारे वाढले तसे त्यांच्या उतरण्यासाठीं वाडे झाले. त्यांत नागपूरचे सधन गृहस्थ बापूसाहेब बुटी यांनीं दगडी वाडा बांधावयास घेतला; राहण्याची सोय व्हावी आणि मधल्या जागेंत मुरलीधराची मूर्ति बसवावी, असा बेत होता. १५ ऑक्टोबर १९१८ रोजीं, विजयादशमीस, बाबांचें निर्वाण झालें आणि त्यांचा देह त्या वाड्यांत, मुरलीधराच्या नियोजित जागीं, ठेवण्यांत आला. आज समाधिमंदिर म्हणून जेथें रांगा लागतात तें मूळचें राहण्याचें घर आहे. १९७७ च्या 'शिर्डी के साईबाबा' या चित्रपटानें आणि त्याही आधींपासून भिंतीवरच्या दिनदर्शिकांनीं शिर्डी देशभर नेली. दगडावर पाय दुमडून बसलेल्या बाबांचें चित्र पाहून मशिदीचा तो कोपरा ओळखणारे लाखों लोक आहेत, ज्यांनीं शिर्डीच्या मातीवर पाऊल टाकलेलें नाहीं.

घराचें देऊळ झालें, तसा देवळाचा नुसता खांबही होतो. नेवाशास तो आहे. शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्यें ज्ञानेश्वरांनीं या खांबाला टेकून भावार्थदीपिका सांगितली, असें वारकरी मानतात. हा खांब मूळचा करवीरेश्वराच्या देवळाचा. देवस्थानाला दिलेल्या दानाचा जुना लेख त्यावर कोरलेला आहे. देऊळ पडलें, भिंती गेल्या, दगड कोणीं कोठें नेले याचा पत्ता नाहीं. पांढरी माती नेणाऱ्या गांवांत सुटा दगड कोण सोडणार? पण हा एक खांब कोणीं उचलला नाहीं. त्याला लोक 'पैस' म्हणतात. दुर्गाबाई भागवतांनीं १९७० मध्यें आपल्या पुस्तकाला हेंच नांव दिलें. पुढें त्याच्याभोंवतीं नवें मंदिर बांधलें गेलें. सहसा खांब छताला आधार देतो. येथें खांबासाठीं छत आलें आहे. आषाढी-कार्तिकीला आलेला वारकरी त्या दगडाला पाठ लावून पाहतो, कारण ज्ञानोबांनीं लावली होती. स्थापत्याचा जाणकार त्याची घडण पाहील, लेखाचीं अक्षरें पाहील. वारकऱ्याला त्याची उंची आपल्या पाठीइतकी आहे, एवढें पुरतें.

सलाबतखानाची कबर, दमडी मशीद, फराहबाग यांवर पुराणवस्तु खात्याच्या निळ्या पाट्या आहेत. नेवाशाच्या खांबाला वारकरी आहेत, शिर्डीला सारा देश आहे. माळवदाच्या घराला पाटी नाहीं आणि दंतकथाही नाहीं. त्याचा आधार एकच, तो म्हणजे दरवर्षींची मेहनत. मृगाच्या आधीं छतावरचें गवत उपटावें लागतें, नवी पांढरी माती पसरून चोपावी लागते, पन्हळी मोकळ्या कराव्या लागतात. पाऊस लागला कीं मध्यरात्रीं उठून कोठें गळतें तें पाहावें लागतें. हें काम जाणणारे हात आतां थोडे उरले आहेत. ज्यांना परवडतें ते सिमेंटची स्लॅब घालतात. ती गळत नाहीं, पण वैशाखांत तापते, आणि मग तिच्याखालीं पंखा लागतो. म्हातारीं माणसें तिलाही धाबेंच म्हणतात, आणि कुरडया तिच्यावरही वाळतात. ज्यांना परवडत नाहीं, किंवा जीं घर बंद करून पुण्यामुंबईस पोटामागें जातात, त्यांच्या माळवदांत पहिल्या पावसाळ्यांत ओल धरते, दुसऱ्यांत किलचा कुजतात आणि तिसऱ्यांत एखादा खण खालीं बसतो. नंतर कोणी लांकडाचा व्यापारी येऊन खांब, तुळया आणि कोरीव चौकट यांचा सौदा करतो. चौकट शहरांतल्या एखाद्या हॉटेलांत शोभेसाठीं लागते, खांब कोणाच्या बंगल्याच्या व्हरांड्यांत उभे राहतात, आणि भिंती पावसाबरोबर हळूहळू खालीं बसून पांढरींत मिळतात.